साठा किती ठेवायचा? आधी दिवस मोजा

भोसरीच्या किंवा सातपूरच्या कोणत्याही वर्कशॉपमालकाला ईएन ८ पोलादाच्या बारचा किलोचा भाव विचारावा. झोपेतून उठवला तरी तो सांगेल. मागच्या महिन्यात काय भाव होता, कोणत्या व्यापाऱ्याकडे पन्नास पैसे कमी पडतात, रोखीने घेतले तर किती सुटतात, सगळे तोंडपाठ. मग त्यालाच पुढचा प्रश्न विचारावा : गेल्या सहा ऑर्डरींना, ऑर्डर दिल्यापासून माल दारात येईपर्यंत, प्रत्येक वेळी किती दिवस लागले? ‘लागतात आठ-दहा दिवस,’ असे उत्तर येते. हा अंदाज असतो, आणि तोही सगळे सुरळीत झाले त्या वेळचा. ज्या खेपेला टेम्पो तेविसाव्या दिवशी आला होता ती खेप अपवाद म्हणून हिशेबातून कधीच वगळलेली असते.

सप्लाय चेन, ऑपरेशन्स मॅनेजमेंट हे शब्द ऐकले की मोठ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आठवतात. पण पंधरा-वीस कामगारांच्या शेडमध्येही रोज तेच चाललेले असते. काय, किती आणि कधी मागवायचे. कोणत्या मशीनवर आधी काय चढवायचे. तयार माल कधी गाडीत भरायचा. या निर्णयांत भावाचा विचार कसून होतो, दिवसांचा मात्र ढोबळच. दिवसही तितक्याच कसोशीने मोजले, तर गोडाऊनमध्ये अडकलेला बराच पैसा मोकळा होतो. पुढची उदाहरणे बहुतांशी कारखान्यातली आहेत, पण औषधांचा वितरक, किराण्याचा घाऊक व्यापारी किंवा मसाले-पापडांचा गृहउद्योग यांनाही तो हिशेब तसाच करता येतो.

तीन तारखा

सुरुवातीला सॉफ्टवेअर लागत नाही. एक वही किंवा एक्सेलची एक शीट पुरते. खरेदीच्या प्रत्येक नोंदीत तीन तारखा लिहाव्यात : ऑर्डर दिली ती, पुरवठादाराने कबूल केली ती, आणि माल तपासून वापरायला मोकळा झाला ती. तिसरी तारीख सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच कुठे सापडत नाही. टॅलीत बिलाची तारीख असते, चलनावर माल निघाल्याची असते, गेटवरच्या रजिस्टरात गाडी आत आल्याची असते. पण गाडी आत आल्यावर माल दोन दिवस तपासणीवाचून पडून राहिला आणि त्यातला काही परत पाठवावा लागला, तर मशीनच्या दृष्टीने तो आलेलाच नसतो.

सगळ्या मालासाठी हा खटाटोप करू नये. ज्या वस्तू नसल्या तर काम थांबते अशा वीसेक वस्तू निवडाव्यात. तीन-चार महिन्यांत प्रत्येकीच्या आठ-दहा नोंदी जमल्या की दोन आकडे काढता येतात : सरासरी किती दिवस लागले आणि जास्तीत जास्त किती. या दोहोंतले अंतर पाहून बहुतेक मालकांना धक्का बसतो.

आता एक हिशेब. समजा, एका भागाचा खप रोज सरासरी ४० नगांचा आहे आणि गर्दीच्या काळात तो ५० पर्यंत जातो. नगाची किंमत २५० रुपये. पहिला पुरवठादार सरासरी १० दिवसांत माल देतो, पण कधी सहाव्या दिवशी तर कधी सोळाव्या. दुसरा सरासरी १२ दिवस घेतो, मात्र अकराच्या आधी नाही आणि तेरानंतर नाही. शिवाय दुसरा नगामागे पन्नास पैशांनी महाग आहे. दहांतले नऊ जण पहिल्याला ऑर्डर देतील, कारण तो स्वस्तही आहे आणि वेगवानही दिसतो.

राखीव साठा, म्हणजे ज्याला सेफ्टी स्टॉक म्हणतात तो, काढण्याची सोपी रीत अशी : सर्वांत वाईट परिस्थितीत माल येईपर्यंत जेवढा लागेल त्यातून सरासरी परिस्थितीत लागणारा वजा करायचा. पहिल्या पुरवठादारासाठी ५० गुणिले १६ म्हणजे ८००, त्यातून ४० गुणिले १० म्हणजे ४०० वजा. राखीव साठा ४०० नग. दुसऱ्यासाठी ५० गुणिले १३ म्हणजे ६५०, वजा ४८०. राखीव साठा फक्त १७० नग. पहिल्यापायी एक लाख रुपये कायमचे रॅकवर बसतात, दुसऱ्यापायी साडेबेचाळीस हजार. फरक ५७,५०० रुपयांचा. बँकेचे व्याज, जागेचे भाडे, विमा, गंज, मोडतोड, डिझाइन बदलून माल निकामी होण्याचा धोका हे सगळे धरून साठा सांभाळण्याचा खर्च वर्षाला किमतीच्या वीस टक्के मानला, तर या फरकाचा वर्षाचा भुर्दंड ११,५०० रुपये होतो. पन्नास पैशांचा जास्तीचा भाव वर्षाच्या १२,००० नगांवर ६,००० रुपयेच होतो. म्हणजे ‘महाग आणि संथ’ पुरवठादार खरे तर स्वस्त पडला.

भावात दोन रुपयांचा फरक असता तर तो वर्षाला २४,००० झाला असता आणि गणित उलटले असते. म्हणून नियमित पुरवठादारच नेहमी परवडतो, असे सरसकट म्हणता येत नाही. दर वेळी कागदावर मांडून पाहावे लागते. सांख्यिकीतली याहून काटेकोर रीतही आहे. वर दिलेली रीत दोन्ही वाईट गोष्टी एकदम घडतील असे धरते आणि त्यामुळे थोडा जास्तच साठा सांगते. ज्याने आजवर काहीच मोजलेले नाही त्याला ती चालून जाते.

याच आकडेमोडीतून पुढची ऑर्डर कधी द्यायची तेही कळते. पहिल्या पुरवठादाराच्या बाबतीत साठा ८०० नगांवर आला की, दुसऱ्याच्या बाबतीत ६५० वर आला की. हा आकडा मालकाच्या डोक्यात किंवा संगणकात ठेवून भागत नाही. रॅकवर त्या उंचीला लाल पट्टी मारावी, म्हणजे स्टोअरमधल्या नव्या मुलालाही फोन कधी करायचा ते समजते. नट-बोल्ट, वॉशर, स्प्लिट पिन यांसाठी तर दोन डबे पुरतात. एक रिकामा झाला की ऑर्डर, तोवर दुसऱ्यातून काम.

स्वस्त भागाची महागडी गोष्ट

१ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे जपानमधील कारिया येथे आयसिन सेइकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकसाठी लागणारा एक छोटा व्हॉल्व्ह बनत असे. टोयोटाला लागणारे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह इथूनच जात आणि टोयोटाकडे साठा असे तो जेमतेम काही तासांचा. मुठीत मावणारा, किरकोळ किमतीचा तो भाग. पण त्याच्यावाचून जपानमधल्या टोयोटाच्या बहुतेक जुळणी लाइन बंद पडल्या. नंतर साठाहून अधिक कंपन्या मदतीला धावल्या, शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेही व्हॉल्व्ह करून दिले आणि आठवडाभरात काम पुन्हा सुरू झाले.

व्यवस्थापनाच्या वर्गात ही कथा पुरवठादारांच्या एकजुटीचे उदाहरण म्हणून सांगतात. चाकणच्या छोट्या उद्योजकाला त्या एकजुटीचा काही उपयोग नाही. त्याच्यासाठी साठ कंपन्या धावून येणार नाहीत. त्याने यातून घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. साठ्याची वर्गवारी करायची प्रचलित पद्धत म्हणजे एबीसी : ज्या थोड्या वस्तूंत सर्वाधिक पैसा गुंततो त्या ए गटात, मधल्या बी गटात आणि किरकोळ वस्तू सी गटात. पैशांवर लक्ष ठेवायला पद्धत चांगली आहे. पण तिच्यात तो व्हॉल्व्ह सी गटातच गेला असता, आणि सी गटाकडे कोण पाहतो? बारा रुपयांच्या ऑइल सीलपायी लाखोंचे पंप डिस्पॅचला अडकून पडल्याची उदाहरणे प्रत्येक एमआयडीसीत मिळतील.

म्हणून किमतीशेजारी आणखी एक रकाना हवा. वस्तू संपली तर पुन्हा मिळायला किती दिवस लागतील? स्वस्त, पण मिळायला वेळ लावणारी वस्तू भरपूर ठेवावी, तिच्यात काटकसर करण्यात अर्थ नाही. महाग आणि उशिरा मिळणारी वस्तू असेल तर तिच्यासाठी दुसरा पुरवठादार शोधणे, दर आठवड्याला फोन करणे, ग्राहकाकडून आगाऊ अंदाज मागणे, असा मालकाचा स्वतःचा वेळ खर्च झाला पाहिजे. महाग पण शेजारच्या गाळ्यात मिळणारी वस्तू जेमतेम ठेवावी. स्वस्त आणि जवळ मिळणारी दोन डब्यांवर सोडून द्यावी.

टोयोटाने स्वतः हा धडा आणखी एक फटका बसल्यावर गिरवला. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने रेनेसास कंपनीचा चिप कारखाना बंद पडला, तेव्हा टोयोटाने कोणते भाग मिळायला किती वेळ लागतो याची छाननी केली. कमीत कमी साठ्यासाठी जगभर गाजलेल्या या कंपनीने पुढे पुरवठादारांना दोन ते सहा महिने पुरतील एवढ्या चिप ठेवायला लावल्या. किती महिन्यांच्या ठेवायच्या, हे ऑर्डरपासून माल मिळेपर्यंत लागणाऱ्या काळावरून ठरले. २०२१ च्या सुरुवातीला इतर वाहन कंपन्यांच्या लाइन चिपअभावी थांबत होत्या तेव्हा टोयोटा बऱ्यापैकी चालू राहिली. अर्थात साठा हा काही अमरपट्टा नव्हे. आग्नेय आशियात कोरोनाची लाट लांबली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टोयोटालाही जागतिक उत्पादन ठरल्यापेक्षा ४० टक्क्यांनी कमी करावे लागले.

एका वेळी किती?

कधी मागवायचे हे ठरले की एकदम किती मागवायचे हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेत फोर्ड व्हिटमन हॅरिस या इंजिनिअरने १९१३ मध्ये ‘फॅक्टरी’ या मासिकात एक छोटा लेख लिहून त्याचे सूत्र मांडले. वर्षाचा खप गुणिले एका ऑर्डरीचा खर्च गुणिले दोन. याला एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे.

वरचाच भाग घेऊ. वर्षाला १२,००० नग, एका ऑर्डरीमागे टेम्पोभाडे, तपासणी, कागदपत्रे मिळून ७५० रुपये, आणि २५० रुपयांचा नग वर्षभर सांभाळायचा वीस टक्के दराने ५० रुपये खर्च. सूत्राने उत्तर येते ६००. म्हणजे वर्षात वीस ऑर्डरी, आणि मागवण्याचा व सांभाळण्याचा एकूण खर्च ३०,००० रुपये. आता पुरवठादार म्हणाला, ‘नऊशेच्या खाली देत नाही,’ तर खर्च होतो ३२,५००. दीडपट माल घेऊनही वर्षाला अडीच हजारच जास्त. तेव्हा सूत्राचा आकडा दगडावरची रेघ समजू नये, त्याच्या आसपास राहिले तरी फारसे बिघडत नाही. पण तोच पुरवठादार म्हणाला, ‘एकदम २,४०० घ्या, एक टक्का सूट देतो,’ तर? सुटीचे वर्षाला ३०,००० रुपये वाचतात. खर्च मात्र ६३,७५० वर जातो, म्हणजे ३३,७५० ने वाढतो. सूट ऐकून हुरळण्याआधी हे पाच मिनिटांचे गणित करावे.

स्वतःच्या मशीनवर बनणाऱ्या मालाला हेच सूत्र लागते. ऑर्डरीच्या खर्चाऐवजी सेटिंगचा खर्च येतो, एवढाच फरक. आणि सेटिंगचा खर्च बदलता येतो. प्रेसवरची डाय बदलायला चार तास लागत असतील तर सुपरवायझर एकदा चढवलेली डाय दोन दिवस उतरवणार नाही, गरज नसताना माल काढत राहील. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने लिहून ठेवले आहे की १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसचे सेटिंग चार तासांवरून आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणले गेले. त्यामागची युक्ती साधी होती : मशीन चालू असताना जे करता येते ते मशीन थांबवून करायचे नाही. पुढची डाय आधीच ट्रॉलीवर आणून ठेवणे, पाने-बोल्ट हाताशी लावणे, सगळ्या डायांची उंची पॅकिंग देऊन सारखी करणे. सेटिंगचा खर्च पाव झाला तर सूत्राप्रमाणे लॉट निम्मा होतो आणि त्या मालाचा साठाही. यासाठी नवे मशीन घ्यावे लागत नाही. एका सेटिंगचा मोबाइलवर व्हिडिओ काढून तो सेटरसोबत बसून पाहावा. पहिल्या अर्ध्या तासात बहुधा पाने शोधणेच दिसेल.

आपल्याच शेडमधले दिवस

पुरवठादाराला नावे ठेवणाऱ्या कारखान्याने स्वतःचेही दिवस मोजावेत. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक झालेले जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम इथे फार कामाचा आहे. शेडमध्ये अर्धवट अवस्थेतले ९०० नग पडले असतील आणि रोज ६० नग डिस्पॅच होत असतील, तर आत शिरलेल्या नगाला बाहेर पडायला सरासरी १५ दिवस लागतात. त्या नगावर प्रत्यक्ष मशीनचे काम तीन-चार तासांचे असेल. उरलेला वेळ तो क्रेटमध्ये बसून असतो. तेव्हा ‘माल लवकर काढा’ असे ओरडण्यापेक्षा शेडमध्ये नवे काम सोडणे आवरले, तर दिवस आपोआप घटतात. ९०० चे ६०० झाले आणि डिस्पॅच तेवढाच राहिला तर १५ दिवसांचे १० होतात.

मालकांना हे पटत नाही. मशीन रिकामे दिसले की त्यांचा जीव वरखाली होतो. पण ज्या मशीनपुढे क्रेटची रांग लागली आहे त्याच मशीनवरून अख्ख्या कारखान्याचा वेग ठरतो, हे एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ च्या ‘द गोल’ या कादंबरीत कथेच्या ओघात समजावून दिले आहे. बाकीची मशीन जोरात पळवल्याने ती रांग वाढते, माल वाढत नाही.

पुणे, कोल्हापूर, नाशिकच्या उद्योगांत या दिवसांतला मोठा वाटा बाहेर जातो, जॉबवर्कला. प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग अशा ठिकाणी माल किती दिवसांपासून पडला आहे हे चलनांच्या फायलीतच दडलेले असते. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाही तर पाठवला त्या दिवशीच तो जॉबवर्करला विकला, असे धरून कर लागतो. आयटीसी-०४ हे विवरणपत्र भरताना अकाउंटंट ही चलने शोधतोच. तोच हिशेब दर शनिवारी घेतला तर कराची आठवण राहते आणि कोणत्या प्लेटरकडे आपला माल झोपला आहे तेही कळते.

मागणी वाढली की वाढवली?

एमआयटीत विद्यार्थ्यांना अनेक वर्षे एक खेळ खेळायला देतात, ‘बिअर गेम’ नावाचा. दुकानदार, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना असे चार खेळाडू. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याची ऑर्डर दिसते आणि माल यायला काही आठवडे लागतात. गिऱ्हाइकाची मागणी सुरुवातीला आठवड्याला चार खोकी असते आणि पाचव्या आठवड्यापासून आठ होते. पुढे ती शेवटपर्यंत आठच राहते. तरीही कारखान्यापर्यंत पोहोचेस्तोवर ऑर्डरींचे आकडे आधी भरमसाट फुगतात आणि मग शून्यावर येतात. खेळ संपल्यावर विद्यार्थी सांगतात की गिऱ्हाइकाची मागणी फार चढउतार करत होती. ती एकदाच बदलली होती हे दाखवल्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. ऑर्डरींच्या या फुगवट्याला अभ्यासक बुलव्हिप इफेक्ट म्हणतात.

कारण पुन्हा दिवसच. माल उशिरा येईल या धास्तीने प्रत्येक जण थोडा जास्त मागवतो, आणि त्या जास्तीलाच मागचा माणूस वाढलेली मागणी समजतो. वाहन कंपन्यांना सुटे भाग देणाऱ्यांना हा झटका चांगला माहीत आहे : महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फुगलेले शेड्युल आणि तिसऱ्या आठवड्यात ‘माल थांबवा’चा फोन. त्यावर पूर्ण इलाज छोट्या पुरवठादाराच्या हातात नाही. पण आलेल्या शेड्युलशेजारी प्रत्यक्ष उचललेला माल सहा महिने लिहीत गेले, तर कोणता ग्राहक किती टक्के फुगवून सांगतो याचा अंदाज येतो. ऑर्डरीमागचा खरा खप विचारायची लाज बाळगू नये. वितरकाकडे किती माल पडून आहे हे विक्री प्रतिनिधीने दर आठवड्याला विचारून आणावे. स्वतःचीही एक सवय तपासावी. मार्चएण्डला टार्गेटसाठी स्कीम लावून वितरकाच्या गळ्यात माल मारायचा आणि एप्रिल-मेमध्ये मागणी नाही म्हणून शिफ्ट बंद ठेवायची, ही लाट कंपनीने स्वतःच उठवलेली असते.

कॅलेंडर आणि दुसरा रस्ता

सरासरी दिवसांत न दिसणारे काही दिवस कॅलेंडरवर मात्र आधीच दिसतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि अनेक दिवस वाहतूक ठप्प राहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. कोल्हापूरच्या फाउंड्रींमधून कास्टिंग मागवणाऱ्या पुण्याच्या कारखान्याने जूनअखेर चार दिवसांचा जास्त माल घेऊन ठेवला तर त्याला उधळपट्टी म्हणता येणार नाही. दिवाळी, होळी, गणपती या सणांना गावी गेलेले कामगार परतेपर्यंत पुरवठादाराचे दहा दिवस वीस होतात. सणांच्या तारखा दर वर्षी बदलतात, पण त्या पंचांगात छापलेल्या असतात.

निर्यातदारांचे कॅलेंडर आणखी लांबचे. तांबड्या समुद्रात २०२३ च्या अखेरीस जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात नाशिकची द्राक्षे युरोपला आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला, भाडे वाढले. द्राक्षासारख्या नाशवंत मालाला राखीव साठ्याचा आधार नसतो. तिथे तोडणीची वेळ, पूर्वशीतकरण आणि पॅकिंग यांतच ते जास्तीचे दिवस सोसण्याची ताकद आणावी लागते.

दुसरा पुरवठादार हवा, हे सगळे बोलतात. तो कधी उपयोगी पडतो याचे उत्तम उदाहरण मार्च २००० मधले आहे. अमेरिकेत अल्बुकर्की येथे फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली, दहाएक मिनिटांत विझलीही. पण धूर आणि पाण्याने तिथली अतिस्वच्छ दालने खराब झाली. नोकिया आणि एरिक्सन दोघेही तिथून चिप घेत. दोघांनाही आठवड्याभराचा उशीर होईल असे कळवले गेले. नोकियाच्या लोकांनी रोज चौकशी सुरू केली, उशीर लांबणार हे ओळखून दुसरीकडची क्षमता आधीच अडवली. एरिक्सन थांबली आणि तिने सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री गमावली. दुसरा पुरवठादार नुसता यादीत असून चालत नाही. त्याचे सॅम्पल पास झालेले असावे आणि वीसेक टक्के काम त्याच्याकडे चालू असावे, तरच अडचणीत त्याचा फोन उचलला जातो.

बदल करायचा तोही टप्प्याटप्प्याने. ब्रिटनमध्ये केएफसीने फेब्रुवारी २०१८ मध्ये मालवाहतुकीचे काम जुन्या कंपनीकडून काढून डीएचएलला दिले. रग्बी येथील एकाच गोदामातून देशभर पुरवठा सुरू झाला आणि काही दिवसांतच सुमारे ९०० दुकानांपैकी निम्म्याहून अधिक दुकाने चिकनअभावी बंद ठेवावी लागली. पुढच्याच महिन्यात उत्तरेकडच्या शेकडो दुकानांचे काम जुन्या कंपनीला परत द्यावे लागले.

पैशांचे दिवस

पुरवठादार वेळ का पाळत नाही याचे एक कारण खरेदी करणाराच असतो. ज्याचे बिल नव्वद दिवस अडकते त्याचा माल आधी लोड होत नाही. व्यापारी वेळेवर पैसे देणाऱ्याची गाडी आधी भरतो, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही. म्हणून तीन तारखांच्या त्या वहीत चौथा रकाना पैसे दिल्याच्या तारखेचा असावा. माल मिळाल्याची आणि पैसे दिल्याची अशा दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की कोणत्या पुरवठादाराचा उशीर आपल्या उशिरामागून आला ते दिसते. रोख सवलत मागण्याऐवजी ‘तिसाव्या दिवशी हमखास पैसे, पण माल बाराव्या दिवशी हमखास’ असा सौदा अनेक छोटे कारखानदार आनंदाने मान्य करतात.

कायदाही आता वेळेवर पैसे देण्याच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला आयकराची जोड दिली : ही मुदत चुकली तर तो खर्च, पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्या वर्षीच वजावटीला धरता येतो. विकणाऱ्याने स्वतःचा उद्यम नोंदणी क्रमांक बिलावर आणि चलनावर छापावा आणि थकलेल्या बिलासाठी सरकारी पोर्टलवर तक्रारीचा मार्ग आहे हे लक्षात ठेवावे. ग्राहक मोठी कंपनी असेल तर ट्रेड्स मंचावर बिल वटवून लवकर पैसे मिळवता येतात. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची झाली आहे.

खरेदी करणाऱ्याने दर वर्षी एप्रिलमध्ये पुरवठादारांकडून ताजे उद्यम प्रमाणपत्र मागून घ्यावे. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत २५ कोटी आणि उलाढालीत १०० कोटी रुपये झाली आहे. त्यामुळे कालपर्यंत मध्यम गटात असलेले अनेक पुरवठादार आता लघु गटात, म्हणजेच ४५ दिवसांच्या मुदतीत आले आहेत. जुन्या यादीवर चालणाऱ्या अकाउंटंटला ते मार्चमध्ये ताळेबंद करताना कळले, तर वर्षभर उशिरा दिलेल्या बिलांवरचे व्याज तोवर चढलेले असते.